खुंटीमागची रांग

घागरी होत्या. खुंटीच्या मागे एकामागे एक, तोंड वर करून ठेवलेल्या, रिकाम्या. शनिवारी दुपारी व्यंकटी सोनकांबळे खाणीजवळच्या वस्तीत सायकलवरून उतरला तेव्हा त्याला त्या आधी दिसल्या आणि खुंटी नंतर. पितळेच्या थोड्या, जर्मनच्या, प्लास्टिकच्या, तार बांधलेला रंगाचा एक डबा, मग ज्यांच्याकडे जादाचं भांडं नाही त्यांच्या विटा, एक फुटका तवा, एक चप्पल. रांग वळत वळत खाणीच्या कडेपर्यंत गेली होती. माणूस एकही नव्हतं. उन्हात माणसं कशाला थांबतील. घागर थांबली की माणूस थांबल्यासारखंच. रांगेचं टोक बरोबर खुंटीला टेकलं होतं आणि खुंटी त्याची होती. बुधवारी त्यानेच ती ठोकली होती. म्हणजे मलप्पाने ठोकली, त्याने बोट दाखवलं. "साहेब, मुरूम लई कडक हाय, बसंना," असं म्हणून मलप्पाने आपल्या निलंग्याकडची एक कानडी शिवी हासडली आणि घण घातला. पांढरी खुंटी, लाल डोकं. शहर दुप्पट होईल तेव्हा, अजून पंधरा वर्षांनी, दोन हजार एक सालाच्या सुमाराला, या जागेवर लातूरच्या सार्वजनिक वाचनालयाची पाचवी शाखा उभी राहणार होती. घागरी आत्ताच येऊन उभ्या होत्या.

त्याने सायकल स्टँडवर लावली. खरं म्हणजे लावली नाही, ती हातातच राहिली. हसू यायला हवं होतं. किंवा घाम फुटायला हवा होता. त्याने आत शोधून पाहिलं, जसं आपण खिशात किल्ली शोधतो तसं, आणि तिथे काही नव्हतं. या उन्हाळ्यात हे असंच चाललं होतं. सकाळी खोलीत एक बादली पाणी, त्यातलं निम्मं अंगावर, निम्मं राखून ठेवायचं. दिवसभर तहान लागायचीच नाही. लागत असेल, त्याला कळायची नाही. जिभेवर खडूची चव आणि बोटांवर शाई. तो घागरी बघत राहिला. त्यांच्या तोंडातून आत पाहिलं की काळा गोल दिसतो, आणि प्रत्येकीत तोच. कागदावर कर्कटक फिरवल्यासारखा.

पारावरून एक बाई उठून आली. नागुबाई. बुधवारी खुंटी ठोकताना हीच पदर तोंडात धरून बघत उभी होती. मागे निळ्या झेंड्याचा बांबू, त्याच्या सावलीत अजून दोघी-तिघी. "या साहेब. आमी म्हणलंच, आज येतेत," ती म्हणाली. "कवा येतंय मंग?" काय कवा, हे विचारायची गरज नव्हती. या वर्षी सरकारी माणसाने ठोकलेली प्रत्येक खुंटी पाण्याची होती. बोअरची नाहीतर टँकरची. दुसरी कसली खुंटी असते, हे वस्तीला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यानेही नाही. बुधवारी त्याने त्यांना विचारलं होतं, तुम्ही किती लांब चालत जाल? आणि त्या सगळ्या एकदम बोलल्या होत्या: लांब न्हाई बाबा, इथंच पायजे, इथं दारात. त्याने मान हलवली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं की लोकांना वाचनालय दारात हवंय. (वाटलं होतं का? का वाटून घेतलं?) "सोमवारी साहेब लोक येणार आहेत जागा पाहायला," तो आता म्हणाला. हे खरं होतं. नागुबाई वळून पाराकडे ओरडली, "सोमारी येतंय गं!" आणि पारावरून कोणीतरी म्हणालं, "साहेबाच्या तोंडात साखर पडो. पाणी पडलं तर बेसच." सगळ्या हसल्या. तो सायकलवर बसला. पायडल मारताना त्याला आठवलं की आपण सायकल स्टँडवर लावलीच नव्हती.

लातूर गोल आहे. म्हणजे नाही, आता कुठे आहे, पण गंजगोलाईत उभं राहिलं की सोळा रस्ते अंगातून फुटल्यासारखे वाटतात आणि मधोमध आपण. जिल्हा होऊन चार वर्षं झाली, कार्यालयं अजून भाड्याच्या घरांत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर फायली. त्यांच्या नगररचना कार्यालयातही नकाशाचं टेबल होतं तिथे पूर्वी देवघर असावं; भिंतीवर तेलाचा डाग होता. या टेबलावर व्यंकटी नांदेडहून बदलून आल्यापासून वर्तुळं काढत होता. मधोमध कर्कटकाचं टोक, तिथे वाचनालय. पेन्सिल फिरेल तिथवर माणसं चालत येतील. एका वर्तुळातलं माणूस दुसऱ्यात नको, आणि वर्तुळाबाहेर कोणी नको. पण वर्तुळं एकमेकांना टेकली तरी मध्ये तिकोनी फटी राहतात, आणि त्या फटींत घरं असतात. पाचव्या वर्तुळाचं टोक हिशोबाने नव्या कॉलनीत बसत होतं, पाण्याच्या टाकीजवळ. खाणीची वस्ती फटीत. त्याने टोक उचललं आणि बोटभर सरकवलं. बस, एवढंच केलं. बिराजदार साहेब मागे उभे होते. शंकरप्पा बिराजदार, पोट सुटलेलं, कपाळावर भस्माची बोटं, आवाज मोठा. त्यांनी सरकवलेलं टोक पाहिलं, टोकाचं भोक पाहिलं, आणि चहा मागवला. चहा पिताना म्हणाले, "सोनकांबळे, लोक काय पितील ते पाणीवाले बघतील. लोक काय वाचतील ते आपण. काय?" मग बशीत ओतलेला चहा फुंकत, आवाज खाली आणून: "त्या जागेवर कॉलनीवाल्यांना मंगल कार्यालय पाहिजे. सोमवारी कमिटी फिरणार. कमिटी नकाशा बघत नाही, जमीन बघते. खुंटी दिसली तर जागा आपली. नाही दिसली तर बसा मग अक्षता टाकत."

म्हणून बुधवारी खुंटी.

शनिवारी संध्याकाळी घरी नांदेडला जाणाऱ्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली आणि त्याला ती नको होती. खिडकी म्हटलं की त्याला बाहेरचं काही दिसत नाही, खिडकीच दिसते. अहमदपूर मागे पडलं, लोहा आलं, रानं भाजलेल्या भाकरीच्या पाठीसारखी, आणि सगळा वेळ त्याला दिसत होती ती भोकरकडच्या त्यांच्या गावातली मारुतीच्या देवळाची खिडकी, लाकडी गजांची. देवळाच्या ओसरीवर वाचनालय होतं. सार्वजनिक, तशी पाटी होती. संध्याकाळी मास्तर पेपर मोठ्याने वाचायचे आणि आत गाव बसायचं, आणि बाहेर गल्लीत, खिडकीखाली, रामकिशन सोनकांबळे, म्हणजे त्याचा बाप, आणि दोघे-चौघे वस्तीतले. मास्तर भला माणूस होता. बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज वाढवायचा. त्या वाढवलेल्या आवाजाचं काय करायचं हे व्यंकटीला अजूनही कळलेलं नाही. खिडकीखाली सावलीचा एक पट्टा होता, अरुंद, आणि तो दुपारीच कोणीतरी धरायचं. त्याची बहीण चांगुणा तिथे घागर ठेवून यायची. बापाची जागा, भावाची जागा. एक घागर जागेला आणि दुसरी डोक्यावर घेऊन नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर. एके दिवशी ते आले तर घागर गल्लीच्या मधोमध होती, पालथी. फुटली नव्हती. बापाने ती उचलली, पालथी होती ती सुलटी केली, पुन्हा सावलीत ठेवली आणि तिच्याशेजारी बसला. आत मास्तर वाचत होते. काय वाचत होते? त्याला ते आठवत नाही, आणि आठवावं म्हणून तो दर वेळी त्या गल्लीत परत जातो आणि दर वेळी घागर उचलली जाते, सुलटी होते, ठेवली जाते, आणि मास्तरांचं तोंड हलतं, आवाज नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बाप त्या खिडकीखाली गेला नाही. वस्तीतच एक खोली बांधली, पत्र्याची, दाराला पाटी. पेपर एक यायचा, आदल्या दिवशीचा. व्यंकटी नऊ वर्षांचा, तो मोठ्याने वाचायचा, बाप आणि बाकीचे ऐकायचे. त्यानेही आवाज वाढवलेला असायचा. कोणासाठी? खोलीच्या बाहेर तर

बस थांबली. कंडक्टर म्हणाला, नांदेड, झोपले का साहेब. तो झोपला नव्हता.

नांदेडला नदी आहे, म्हणून घरात माठ भरलेला होता. चांगुणाने तांब्या पुढे केला आणि तो हातात धरून बसला. नवरा वारल्यापासून चांगुणा याच घरात होती. आई गेली तेव्हाही हीच होती. व्यंकटीची बायको शाळेत, तिची परीक्षेची धावपळ. घर म्हणजे चांगुणाच. रविवारी दुपारी ती त्याच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "का रं व्यंक्या, जेवून राहिला का मोजून राहिला?" त्याने मान वर केली. भाकरीवर त्याने बोटाच्या नखाने गोल काढला होता. मग त्याने तिला घागरींचं सांगितलं. कोणाला तरी सांगावं म्हणून नाही. ती समोर होती म्हणून. खुंटी, रांग, सोमवार, मंगल कार्यालय. चांगुणा तवा उतरवत ऐकत होती. आधी ती हसली, मोठ्याने, दात दाखवून. "अगं माय! लायबरीला घागरी लावल्या?" मग तव्यावरून हात झटकत म्हणाली, "तू खुंटी ठिवलीस, त्याईनं घागर ठिवली. त्याईचं काय चुकलं?" त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "अन् पैला नंबर कुठं व्हता त्याईचा?" कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला, तो म्हणाला, पलीकडे, टँकर येतो एक दिवसाआड. "मंग तिथला गेला की." तिने हे सहज म्हटलं, लाकूड चुलीतून मागे ओढत. "जागा सोडली की गेली. बाईमाणसं सोडत्यात व्हय? आता पितेत काय त्या?" त्याला हे माहीत होतं. बुधवारपासून, शनिवारपासून, नागुबाईच्या ओठांवरच्या भेगा पाहिल्यापासून माहीत होतं. माहीत असणं कुठेतरी आत, सतरंजीखाली सरकवलेल्या कागदासारखं होतं. त्यावर तो बसला होता. एका घरात रांगेला लावायला एकच भांडं, ते खुंटीमागे आणलं म्हणजे भिंतीवरून उचललं. "रानातल्या विहिरीवरून आणत असतील," तो म्हणाला. "आसंल," चांगुणा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ताट उचलताना: "आपल्या खोलीत तू लई खणखणीत वाचायचास म्हणं." म्हणं? तो तिच्याकडे पाहत राहिला. "तू नव्हतीस?" "मी कवा असणार बावा," ती हसत म्हणाली, "तुमी वाचायच्या टायमाला झिरा भरायचा." ती ताट घेऊन मोरीकडे गेली. इतक्या वर्षांत त्या खोलीचा विचार त्याने कितीदा केला होता, पत्रा, पाटी, दार, दारातून येणारा उजेड, बापाची वाकलेली मान. त्या चित्रात ती कधी नव्हती आणि ती नाही हे त्याला कधी दिसलं नव्हतं. दार होतं, उघडं होतं, आपलं होतं. वर्तुळ बरोबर काढलं होतं. ती फटीत. आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं, घसा दाटेल, काहीतरी. मोरीत भांडी वाजत होती. त्याने तांब्या उचलला, पाणी प्यायला, त्याला चव नव्हती.

सोमवारी पहाटेची बस. लातूरच्या अलीकडेच, नांदेड रोडवर, तो उतरला आणि वस्तीत चालत गेला. अंतर मोजलं नाही. रांग वाढली होती. आज बायका रांगेत उभ्या होत्या, न्हाऊन नाही पण विंचरून, जशा पाहुणे येणार म्हणून उभ्या राहतात. तो खुंटीशी गेला आणि त्याने सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, शब्द दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे: ही पाण्याची खुंटी नाही. इथे वाचनालय होणार आहे. पुस्तकं, पेपर, बसून वाचायला जागा. नागुबाईने शांतपणे ऐकलं. "हाव," ती म्हणाली. "बरं हाय की. सरकारी बिल्डिंग म्हणल्यावर नळ असतोच. कवा व्हायची?" तो म्हणाला, दोन हजार एकपर्यंत. मग मागून एकीने विचारलं, "तवर घागर ठिवू का उचलू?" आणि दुसरी म्हणाली, "ठिव गं, तुझ्या सुनंची सून भरंल," आणि हसू रांगेतून मागे मागे सरकत खाणीच्या कडेपर्यंत गेलं, तिथे ज्यांना काय झालं ते कळलं नव्हतं त्याही हसल्या. त्याला शिव्या हव्या होत्या. कोणी एकही दिली नाही. नागुबाई तेवढी हसली नाही. ती घागरीकडे बघत होती. "मंग आज जिनिंगला टँकर हाय," ती हळू म्हणाली, कोणाशीच नाही, "अन् तिथं आता नंबर लावणारी साखराबाई उभीबी करणार न्हाई."

कोणी घागर उचलली नाही. हे त्याला समजेना. सांगितलं, ऐकलं, हसल्या, आणि रांग होती तिथेच. खुंटी आहे तोवर रांग आहे. लाकडाला कोण खोटं म्हणेल. थोड्याच वेळात कमिटीची जीप येईल, बिराजदार साहेब उतरतील, खुंटीकडे बोट दाखवतील, आणि एवढ्या बायका मागे उभ्या असलेल्या पाहून मोठ्या आवाजात म्हणतील, बघा, मागणी. जागा पक्की होईल. खाणीची वस्ती वर्तुळात राहील. कधीतरी, दोन हजार एक साली किंवा त्याच्याही नंतर, या वस्तीतलं कोणीतरी खिडकीखाली न बसता खुर्चीवर बसून वाचेल. फक्त थोडा वेळ, त्याने स्वतःला सांगितलं, फक्त जीप येईपर्यंत हात खिशात ठेवायचे. आणि जिनिंगच्या भिंतीला टँकर येऊन जाईल.

त्याने दोन्ही हातांनी खुंटी धरली. मुरूम कडक. मलप्पाने नीट ठोकली होती. "अवं, काढूलालेत कामून? राहू द्या की!" नागुबाई पुढे आली, तिने त्याचा हात धरला नाही, पण धरायला आल्यासारखा आपला हात पुढे केला. त्याने खुंटी इकडे हलवली, तिकडे हलवली. दात हलवतात तशी. ती सुटली तेव्हा तो मागे बसला, धुळीत, पॅंटवर. जमिनीत एक भोक राहिलं, सुबक, चौकोनी. त्याच्यात कोणी पाहिलं नाही. सगळ्या त्याच्या हातातल्या लाकडाकडे पाहत होत्या. तो उठला आणि चालू लागला. कुठे ते त्याने ठरवलं नव्हतं, पाय जिनिंगच्या दिशेने निघाले. मागे आवाज झाला. एकीने घागर उचलली, मग दुसरीने, जर्मन जर्मनवर वाजलं, वीट काखेत, तवा हातात. त्याने वळून पाहिलं नाही. पुढे तो, त्याच्या हातात लाल डोक्याची खुंटी, आणि मागे सगळी रांग, आपापल्या क्रमाने.

जिनिंगच्या भिंतीला रांग होतीच. तोंडाशी साखराबाई, आडव्या हाडाची, कमरेत पदर खोचलेली; हिच्याशिवाय तिथला नंबर हलत नाही हे शहराला ठाऊक होतं. "आल्या का," ती म्हणाली. "लई सरकारी खुंटीवाल्या झाल्ता. आता आठवली भिंत? मागं. सगळ्याच्या मागं." मागे म्हणजे टँकर जिथवर पुरत नाही तिथे. नागुबाईची घागर कडेवर तशीच. व्यंकटीला वाटलं, आता सांगावं: मी सरकारी माणूस आहे, चूक माझी आहे, ह्यांना मध्ये घ्या. तोंड उघडलं तर त्यात खडू होता. म्हणून तो रांगेच्या बाजूने चालत गेला, पार शेवटपर्यंत, शेवटच्या विटेच्या मागे उभा राहिला, आणि तिथे त्याने खुंटी टेकवली. ठोकायला घण नव्हता. ती पडू नये म्हणून लाल डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

साखराबाई तिथवर आली. तिने खुंटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या धुळीकडे. "हे काय?"

"नंबर," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"वाचनालयाचा."

तिने कमरेवर हात ठेवले आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. "ऐकलं का गं, सरकारचाबी नंबर आज मागंच हाय!" भिंतीलगतच्या बायका वाकून वाकून बघायला लागल्या. "घ्या सरकार, सावलीला सरका जरासक." आणि हसू ओसरल्यावर, डोळे पुसत, कोणाकडे न बघता, ती माघारी गेली आणि तिने रांगेच्या मधली एक वीट पायाने मागे ढकलली. "ये गं नागू. ठिव इथं. तुझ्या वस्तीच्या दहा घागरी मधी घ्या गं. दहाच. बाकी मागं." नागुबाईने घागर टेकवली. आवाज झाला, छोटा. बाकीच्या मागे आल्या आणि शेवटच्या विटेपाशी लागल्या, त्याच्या पुढे. तो मागे सरकत गेला. खुंटी शेवटी.

रस्त्यावर धूळ उठली. कार्यालयाची जीप होती. पुढच्या सीटवर बिराजदार साहेब, मागे पांढरे कपडे. जीप जिनिंगच्या भिंतीशेजारून गेली, जरा हळू झाली, किंवा त्याला तसं वाटलं. साहेबांचं तोंड वळलं, त्याच्यावरून, खुंटीवरून, बायकांवरून फिरलं, आणि पुन्हा सरळ झालं. जीप खाणीकडे गेली. तिथे जमिनीत एक भोक होतं आणि भोवती घागरींचे गोल उमटलेले, धुळीत, एकाला एक टेकून. ते त्यांना दिसतील का, तो विचार करत होता. वाऱ्याने पुसले नसतील तर दिसतील. मंगल कार्यालयाला जागा चांगली आहे. सपाट आहे.

टँकर आला. भोंगा न वाजवता आला, नळ्यांतून गळत, रस्त्यावर एक काळी ओली रेघ ओढत. व्यंकटीने ती रेघ पाहिली आणि त्याच्या तोंडाला काहीतरी झालं, जीभ टाळूला चिकटली, घशात काट्यासारखं उभं राहिलं. त्याला ओळखायला थोडा वेळ लागला. तहान होती. तळहातात खुंटीचं कुसळ गेलं होतं, तेही आता ठणकत होतं. पाणी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं, हे रांगेत मागे उभ्या असलेल्या कोणालाही कळलं असतं.

पुढे घागर भरल्याचा आवाज आला. आधी पोकळ, मग भरीव. रांग हलली. त्याच्या पुढच्या म्हातारीने आपली वीट उचलून एक पाऊल पुढे ठेवली आणि मागे वळून पाहिलं.

"ओ साहेब, खुंटी सोडून जाऊ नका बरं का. नंबर जाईल," ती म्हणाली. "चला, सरका फुडं."

त्याने खुंटी उचलली आणि एक घागरभर पुढे टेकवली.